एकट्याने वाजवलेला अल्बम आणि कोणाचेही न ऐकणारा ड्रमर

अनाहत (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. गेली अडीच वर्षे ज्याच्या मागे लागलो होतो तो वाद्यसंगीताचा अल्बम अखेर मिक्सपर्यंत, म्हणजे सगळे थर एकत्र जुळवण्यापर्यंत, आला आणि आपल्यापैकी सात-आठ जणांना मी तो ऐकायला पाठवला आहे. सात रचना आहेत, एकूण लांबी ४३ मिनिटे, गाता आवाज कुठेही नाही. गिटार, फ्रेटलेस (पडद्यांविना) बास, ड्रम, रोड्स हा इलेक्ट्रिक पियानो, व्हायब्राफोन आणि थोडासा सोप्रानो सॅक्सोफोन, हे सगळे मीच वाजवले आहे. बाज सांगायचा तर पोस्ट-रॉकसारखी सावकाश चढत जाणारी मांडणी आणि जॅझ फ्युजनमधल्या कॉर्ड यांची ती सरमिसळ आहे. कोणाला ऐकताना मध्येच डुलकी लागली तरी मी रागावणार नाही.

बहुतेकांनी "सुंदर आहे, तरंगल्यासारखे वाटते" असे कळवले, त्याबद्दल आभार. एकाने मात्र एवढेच लिहिले: "छान आहे, पण तुमचा ड्रमर कोणाचेही ऐकत नाही." हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरे आहे. मी बहुतेक रचनांचे ड्रम सर्वांत आधी, नुसत्या क्लिकवर (लय मोजणाऱ्या टिकटिकीवर), मुद्रित केले. त्या वेळी ऐकण्यासारखे दुसरे काही अस्तित्वातच नव्हते. पाचव्या रचनेत ६ मिनिटे १० सेकंदांपाशी सॅक्सोफोन एक वरचा स्वर लांबवत लांबवत विरून जातो. हाडामांसाचा ड्रमर तिथे हात आखडता घेईल, फार तर राइड सिंबलवर एक टोला देऊन तो घुमू देईल. माझा ड्रमर नेमका तिथेच स्नेअर ड्रमवर भरगच्च फिल (जागा भरून काढणारे ठोके) वाजवतो, कारण ते फिल सॅक्सोफोनच्या आठ महिने आधीच वाजून गेलेले आहे.

निव्वळ पोस्ट-रॉक असते तर एवढे खटकले नसते असे मला वाटते. तिथे सगळे वादक मिळून एकच लाट उभी करतात आणि ती कधी फुटणार हे बहुधा आधी ठरलेले असते. जॅझमध्ये मात्र एकाने काही म्हटले की दुसऱ्याने त्यावर काही म्हणायचे, यावरच सगळा डाव उभा असतो. मग एकाच माणसाने थरावर थर चढवून केलेल्या अल्बममध्ये हा डाव रंगणार कसा? ज्यांनी असे काम केले आहे किंवा असे संगीत बारकाईने ऐकले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे. कौतुक पुरे झाले.

जुनी_तबकडी:

ही अडचण टेपच्या आधीपासूनची आहे. १९४१ साली सिडनी बेशे यांनी 'द शेख ऑफ अरबी' ही लोकप्रिय चाल क्लॅरिनेट, सोप्रानो सॅक्सोफोन, टेनर सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी सहा वाद्ये एकट्याने वाजवून मुद्रित केली होती. एक वाद्य तबकडीवर घ्यायचे, मग ती तबकडी वाजवत तिच्या जोडीने दुसरे वाजवायचे आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचे, असा तो उद्योग होता. प्रत्येक फेरीत आधीचे थर आणखी धूसर होत जात. त्या ध्वनिमुद्रणाकडे आजही थोडे नवल म्हणून पाहिले जाते, संगीत म्हणून कमी.

पुढे १९५६ च्या अल्बममध्ये लेनी ट्रिस्टानो यांनी काही ठिकाणी बास आणि ड्रम आधी मुद्रित करून घेतले आणि नंतर त्यांवर स्वतःचा पियानो चढवला, शिवाय टेपचा वेगही बदलला. जॅझच्या जगात त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. वरवर पाहता वाद टेपच्या वेगाचा होता, पण मला नेहमी वाटत आले आहे की खरे दुखणे तुम्ही म्हणता तेच होते: त्या बासवाल्याला आणि ड्रमरला पियानोला उत्तर देण्याची संधीच मिळालेली नव्हती.

या वाटेवर सर्वांत यशस्वी ठरले ते बिल एव्हान्स. १९६३ च्या अल्बममध्ये त्यांनी एकावर एक असे तीन पियानो मुद्रित केले आणि त्या अल्बमला ग्रॅमीही मिळाले. तो हेडफोनवर ऐकून पाहा. दुसरा पियानो पहिल्याचे ऐकतो आणि तिसरा दोघांचेही ऐकतो, पण पहिल्याच्या कानावर यातले काहीच पडत नाही. थर चढवताना ऐकणे नेहमी एकतर्फीच राहते. तरीही एव्हान्स यांचे काम फसत नाही, याचे कारण मला असे दिसते की पहिल्या थरात त्यांनी जागा सोडल्या होत्या. तुमच्या ड्रमरने एकही जागा सोडलेली नाही, आणि तक्रार खरी तर हीच आहे.

कोरा_ताव:

एवढे मागे जायची गरजच काय? माइक ओल्डफील्ड यांनी १९७३ मध्ये 'ट्युब्युलर बेल्स' सगळाच्या सगळा एकट्याने वाजवला आणि तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. एकट्याने जमते, हे तिथेच सिद्ध झालेले आहे.

जुनी_तबकडी:

सगळाच्या सगळा नव्हे. त्यातली बासरी जॉन फील्ड यांची आहे, आणि दुसऱ्या बाजूवर ज्या भागात पूर्ण ड्रमसेट येतो तिथे ड्रम स्टीव्ह ब्रॉटन यांनी वाजवले आहेत. या धाग्याच्या दृष्टीने ही तपशिलाची बाब नाही. ढिगाने वाद्ये हाताळणाऱ्या माणसानेही ड्रमच्या जागेवर दुसऱ्याला बसवले होते.

ठोका:

मी ड्रम वाजवतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरी अनाहत यांच्या ड्रमवादनाबद्दल आधी एक चांगली गोष्ट सांगतो. तिसऱ्या रचनेत गिटार सातच्या आवर्तनात फिरते आहे आणि ड्रम सरळ चारच्या, आणि दोघे अठ्ठावीस मात्रांनी समेवर भेटतात. पहिल्यांदा ती सम आली तेव्हा माझ्या तोंडून आपसूक "वा" निघाले. तिथे कोणी कोणाचे ऐकत नसले तरी बिघडत नाही, कारण हिशेबच दोघांना एकत्र आणून सोडतो. तिसऱ्या रचनेला हात लावू नका.

पाचवीचे मात्र तुम्ही म्हणता तसेच आहे, आणि त्यावर करण्यासारखे काही नक्की आहे. आहेत ते ड्रम आता फक्त कच्चा आराखडा समजा. बास, रोड्स आणि सॅक्सोफोन तसेच ठेवून जुने ड्रम हेडफोनमधून पूर्ण काढून टाका, क्लिकसुद्धा काढा आणि ड्रम नव्याने वाजवा. क्लिक नसल्यामुळे तुम्हाला लय बासकडून घ्यावी लागेल, म्हणजे निदान एका वाद्याचे तरी ऐकावेच लागेल. पूर्ण रचना सलग तीन वेळा वाजवा. मध्ये थांबून चूक दुरुस्त करायची नाही, आणि पडद्यावर लाटांची रेघ दिसत असेल तर पडदा बंद करायचा. सॅक्सोफोनची रेघ जाड होताना डोळ्यांना दिसली की हात आपोआप तयारीला लागतात, आणि ते ऐकणे नव्हे. तीन दिवसांनी तिन्ही ऐका आणि एक सबंध निवडा. तुकडे जोडून चौथा तयार करण्याचा मोह होईल, तो टाळा.

एक बारीकशी सूचना आणखी आहे. पाचव्या रचनेची पहिली चार मिनिटे ब्रशने वाजवून पाहा. काठीच्या टोल्याला ठळक सुरुवात असते आणि तो ऐकणाऱ्याला तारीख-वार सांगून मोकळा होतो. ब्रश स्नेअरवर घासत राहतो, त्यामुळे ठोका नेमका कुठे पडला हे थोडे संदिग्ध राहते, आणि तुम्हाला हवा असलेला स्वप्नाळूपणा निम्मा तिथूनच येईल. सध्या तो सगळा भार रिव्हर्बवर, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्यावर, टाकलेला आहे.

खर्ज:

ठोका यांच्या म्हणण्याला अनुमोदन, पण थोडे बासबद्दलही बोलू या, कारण हा अल्बम खरा कुठे अडतो ते मला तिथे दिसते. दुसऱ्या रचनेत गिटार जवळजवळ पाच मिनिटे सी मेजर सेव्हन्थ छेडत राहते आणि बास तितकाच वेळ इमानाने सी वर बसून राहतो. त्याला दुसरे काही सुचत नाही, कारण तो वाजवणाऱ्या माणसानेच गिटार वाजवलेली आहे आणि पुढे काय येणार हे त्याला ठाऊक आहे. बाहेरचा बासवाला आला असता तर त्याने खोडी काढली असती.

ती खोडी अशी. गिटारचे चार स्वर आहेत सी, ई, जी, बी. गिटारचा एक स्वरही न बदलता खाली ए वाजवा, की तीच कॉर्ड ए मायनर नाइन्थ होते आणि आभाळ एकदम भरून येते. खाली एफ धरा, की तेच चार स्वर लिडियन, म्हणजे तीव्र मध्यम असलेल्या सप्तकातले, होतात आणि सगळे जमिनीपासून वीतभर वर उचलले जाते. खाली डी धरलात तर कॉर्ड सुटतच नाही, अधांतरी लोंबकळत राहते. एकट्या वादकाच्या हातात हे फार मोठे शस्त्र आहे. बास सर्वांत शेवटी मुद्रित केला तर आधीच्या थरांचा अर्थ मागाहून बदलता येतो. पहिल्या थराला उत्तर ऐकू येत नाही हे जुनी_तबकडी यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्या बिचाऱ्याच्या बोलण्याचा अर्थ आपण फिरवू शकतो. संभाषणात हेही चालतेच की.

जाता जाता: फ्रेटलेसवर कोरस (आवाज किंचित हलवून जाड करणारा परिणाम) लावला आहे तो निम्म्यावर आणा. सूर किंचित खाली लागला की कोरस ते झाकतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

निषाद_कोमल:

मला एक मूलभूत शंका आहे. यात आधीपासून ठरवलेले इतके असेल तर याला जॅझ म्हणायचेच कशाला? पोस्ट-रॉक म्हणा आणि मोकळे व्हा. हा शब्द १९९४ मध्ये संगीतसमीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी रूढ केला, तेव्हा त्यांचा रोख असा होता की रॉकचीच वाद्ये घ्यायची, पण गिटार रिफसाठी न वापरता नादाचा पोत विणण्यासाठी वापरायची. तुमची गिटार नेमके तेच करते आहे. त्यावर मेजर सेव्हन्थ आणि सॅक्सोफोन टाकला म्हणजे फ्युजन झाले, असे मला वाटत नाही.

जुनी_तबकडी:

नावाचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, पण ही दोन घराणी तुम्ही समजता तितकी लांबची नाहीत. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या 'सो व्हॉट'मध्ये बत्तीस मापांत फक्त दोन स्वरसप्तके आहेत: सोळा मापे डी डोरियन, आठ मापे अर्धा स्वर वर सरकून, पुन्हा आठ मापे मूळ जागी. कॉर्ड भराभर बदलण्याऐवजी एका जागी थांबून तिथला प्रकाश पाहायचा, ही कल्पना तिथे जॅझमध्ये पक्की रुजली. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, 'इन अ सायलेंट वे' करताना त्यांनी जो झाविनुल यांच्या मूळ चालीतल्या कॉर्ड जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि ती एकाच आधारस्वरावर तरंगत ठेवली. वाजवणारे आठ जण एकत्र बसले होते, हे खरे. पण अल्बमची मांडणी निर्माते टेओ मासेरो यांनी टेप कापून केली, आणि दोन्ही बाजूंवर सुरुवातीचा भाग शेवटी जसाच्या तसा पुन्हा जोडला. म्हणजे शेवटी जे ऐकू येते ते शेवटी कोणी वाजवलेलेच नाही! तरी तो भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा वेगळा वाटतो, कारण मधल्या काळात ऐकणारा बदललेला असतो.

आणि एकट्याचेच उदाहरण हवे असेल तर कीथ जॅरेट यांचे घ्या. त्यांनी १९८६ मध्ये घरच्या स्टुडिओत इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम असे सगळे स्वतः वाजवून कॅसेट रेकॉर्डरवर थर चढवले होते आणि ते ध्वनिमुद्रण २०१३ मध्ये दोन सीडींच्या अल्बमच्या रूपाने बाहेर आले. पियानोचा एवढा मोठा माणूस तिथे गिटारवर कच्चा आहे, आणि मला तो अल्बम आवडतो तो त्या कच्चेपणामुळेच. प्रत्येक वाद्यावर हात वेगळा आहे, त्यामुळे वादकही वेगवेगळे वाटतात.

पाऊलवाट:

मी यातले काहीच वाजवत नाही, नुसती ऐकते. गेल्या आठवड्यात हा अल्बम मी पाच वेळा ऐकला, त्यांतला एकदा रात्री दिवे मालवून.

खरे सांगायचे तर पाचव्या रचनेतले ते फिल मला खटकले नव्हते. तुम्ही लिहिल्यावर पुन्हा ऐकले आणि आता मात्र तेवढेच ऐकू येते, त्याबद्दल आपले आभार मानावेत की नाही ते कळत नाही. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. सातही रचना एकाच जिन्याने चढतात. दीड-दोन मिनिटे गिटारचे थेंब पडतात, मग बास येतो, मग ड्रम येतात, मग सगळे मिळून चढ चढतात, पाचव्या मिनिटाच्या आसपास शिखर येते आणि नंतर रोड्स एकटा मागे उरतो. पहिल्या रचनेत त्याने अंगावर काटा आला, दुसरीत आवडले, चौथीपर्यंत मी घड्याळ न बघताही सांगू शकत होते की आता सिंबल येणार. तुम्ही सगळे म्हणता आहात की वादक एकमेकांना चकवत नाहीत. मला वाटते की रचनाही एकमेकींना चकवत नाहीत, आणि दोन्हींचे मूळ एकच असावे.

अपवाद सहाव्या रचनेचा. ती अडीच मिनिटांची आहे, तिच्यात ड्रम नाहीत, फक्त व्हायब्राफोन आणि उलटी वाजवलेली गिटार आहे, आणि ती शिखरावर न जाताच संपते. पहिल्यांदा मला वाटले की फाईल अर्धवट आली. आता तीच सर्वांत जास्त आवडते. तिसरीचा शेवट मात्र मिनिटभर लांबला आहे.

शांतरेषा:

मिक्सबद्दल लिहितो. रिव्हर्ब जास्त आहे हे ठोका यांनी सांगितलेच आहे, म्हणून त्यावर थोडक्यात: रिव्हर्बच्या परतीच्या वाहिनीवर २५० हर्ट्झच्या खालचे सगळे कापा आणि मूळ स्वर आणि त्याचा रिव्हर्ब यांत ३० मिलिसेकंदांचे अंतर ठेवा. वाद्य जवळ राहील आणि धुके त्याच्या मागे जाईल. सध्या वाद्यच धुक्यात बसले आहे.

मोठा दोष खोलीचा आहे. ड्रम, बासचा अँप्लिफायर, व्हायब्राफोन, सॅक्सोफोन, सगळे एकाच खोलीत आणि बहुधा एकाच कोपऱ्यात मुद्रित झाले आहे, हे ऐकून कळते. बँड एकत्र वाजवतो तेव्हा खोलीची छाप एकदाच पडते. तुम्ही थर चढवता तेव्हा ती प्रत्येक थरावर नव्याने पडते, आणि दहा-बारा थरांनी तिची बेरीज होते. तुमच्या अल्बममध्ये बासचा खालचा जी दर वेळी फुगून येतो. तो स्वर ४९ हर्ट्झचा आहे. त्यावरून माझा अंदाज असा की खोलीची एक बाजू साधारण साडेतीन मीटर असावी, कारण तेवढ्या लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद त्याच सुमारास पडतो. आणखी एक तर्क करतो: तुम्ही त्या बाजूच्या बरोबर मधोमध बसून मिक्स केले असणार. त्या अनुनादाचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे तुम्हाला तो स्वर कमी ऐकू आला आणि तुम्ही तो आणखी वाढवलात.

ठोका यांनी क्लिक काढायला सांगितले आहे, त्यावर एक सावधगिरीची सूचना. पाचवी रचना मिनिटाला ७२ ठोक्यांच्या लयीत आहे आणि गिटारचा डीले (प्रतिध्वनीचा परिणाम) ६२५ मिलिसेकंदांवर, म्हणजे टिंबवाल्या अष्टमांशावर (पाऊण ठोक्यावर) बसवलेला आहे. उद्या रोड्स आणि गिटार क्लिकशिवाय पुन्हा वाजवले आणि लय ७० वर घसरली, तर त्या लयीला ६४३ मिलिसेकंदांचा डीले लागेल. फरक अठरा मिलिसेकंदांचाच दिसतो, पण तुमचा डीले पाच वेळा परततो आणि पाचव्या वेळी तो नव्वद मिलिसेकंदांनी चुकलेला असेल. तेवढे कानाला कळते. म्हणून डीले आधी मुद्रित करू नका. गिटार कोरडी घ्या आणि डीले मागाहून, लयीचा नकाशा काढून, त्याच्यामागे चालवा.

अनाहत (धागाकर्ता):

शांतरेषा, खोली मोजली. ३ मीटर ४५ सेंटिमीटर भरली, आणि माझी खुर्ची बरोबर मधोमध आहे. अंगावर शहारा आला! खुर्ची मागे सरकवून ऐकले, तर दुसऱ्या रचनेतला बास अक्षरशः पोटात घुसला. हे मी दीड वर्ष ऐकूच शकत नव्हतो.

पाऊलवाट, तुमचे म्हणणे मला सर्वांत जास्त लागले, कारण ते दुरुस्त करण्याचे बटण कुठेच नाही. सातही रचना मी गिटारपासूनच सुरू केल्या होत्या आणि जे वाद्य हाताला आधी येते तेच दर वेळी आधी आले. सहावी तेवढी व्हायब्राफोनपासून सुरू केली होती. तिसरीचे शेवटचे पन्नास सेकंद कापले आहेत आणि दुसऱ्या रचनेचा बास खर्ज यांनी सांगितल्याप्रमाणे नव्याने वाजवला आहे. चौथ्या मिनिटाला तो एफ वर जातो तेव्हा मला स्वतःलाच नवीन वाटले. कोरसही निम्म्यावर आणला आहे, आणि सूर खाली लागत होता हेही मान्य करतो.

पण ठोका, पाचवी रचना आधीपेक्षा बिघडली. तुम्ही सांगितले तसेच केले: क्लिक नाही, पडदा बंद, सलग तीन वेळा. सॅक्सोफोन जिथे थांबतो तिथे ड्रम थांबतात. तो जिथे उसळतो तिथे ते उसळतात. सगळे जागच्या जागी आहे आणि ऐकवत नाही. समोरच्याचे वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन टाकणाऱ्या नटासारखे वाटते. सॅक्सोफोनची प्रत्येक फुंकर मला पाठ आहे, आणि ड्रम वाजवणाऱ्या हातांनाही ती पाठ असणार हे माझ्या लक्षातच आले नाही.

ठोका:

ही माझी चूक. मी दुसऱ्यांच्या वादनावर ड्रम वाजवत आलो, तेव्हा पाठ असण्याचा प्रश्नच आला नाही. मग असे करा. पाचव्या रचनेत सॅक्सोफोनचे टाकून दिलेले टेक (मुद्रणाचे प्रयत्न) किती आहेत? त्यांतला जो तुम्ही सर्वांत कमी ऐकला असेल तो दुसऱ्या कोणाला तरी निवडायला सांगा, आणि स्वतः आधी न ऐकता थेट त्यावर ड्रम वाजवा. एकदाच. मग जुना सॅक्सोफोन काढून टाका आणि त्या ड्रमवर नवीन सॅक्सोफोन वाजवा. ड्रम खऱ्या अनोळखी वादकाला उत्तर देत असतील आणि सॅक्सोफोनला आता खऱ्या ड्रमरशी जुळवून घ्यावे लागेल. मधला अनोळखी वादक अल्बममध्ये राहणारच नाही.

निषाद_कोमल:

ही युक्ती मला आवडली, आणि माझी शंका मी निम्मी मागे घेतो. निम्मीच. पण हे मंचावर कसे सादर करणार? लूप पेडल (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारे यंत्र) घेऊन एकेक थर चढवणार असाल तर दुसरी रचना सोडून काही जमणार नाही असे वाटते, कारण एकदा चार मापांचा लूप पडला की सगळी कॉर्डरचना त्या चार मापांत कोंडली जाते.

अनाहत (धागाकर्ता):

मंचावर सादर करण्याचा विचार नाही. झालेच तर सहावी रचना वाजवीन आणि खाली उतरेन.

टाकलेले टेक चौदा निघाले. निवड घरातल्या मंडळींना करायला लावली. त्यांनी नववा निवडला, "याच्यात तू मध्येच खोकला आहेस" एवढ्याच कारणाने. तो मी वर्षभरात ऐकलेला नव्हता. ब्रश हातात घेऊन बसलो आणि पहिल्या मिनिटातच घाम फुटला, कारण हा वादक मला अपेक्षित असलेल्या एकाही जागी येत नव्हता. दोन ठिकाणी मी त्याची वाट पाहत नुसता हाय-हॅट उघडा-मिटता ठेवला आणि तो आलाच नाही. खोकल्याला मी चक्क रिमवर टिचकी मारून उत्तर दिले आहे. दुसऱ्या दिवशी त्या ड्रमवर सॅक्सोफोन नव्याने वाजवला. त्या टिचकीला आता समोर काहीच नव्हते, म्हणून तिथे दोन स्वर टाकले. जुन्या अल्बममध्ये ते कधीच सुचले नसते.

नवीन मिक्स पाठवला आहे. ती जागा आता ६ मिनिटे १० सेकंदांना नाही, रोड्सही नव्याने वाजवल्यामुळे ६ मिनिटे २३ सेकंदांच्या आसपास गेली आहे.

पाऊलवाट:

ऐकले. त्या जागी सॅक्सोफोनचा स्वर विरतो, पण ब्रश लगेच थांबत नाहीत. अर्धे माप उशिरा थांबतात, जणू कोणी बोलता बोलता गप्प झाले आहे हे दुसऱ्याच्या उशिरा लक्षात आले. मग एक सिंबल, आणि तो सिंबल विझेपर्यंत कोणीच काही करत नाही. मी तीनदा मागे जाऊन ऐकले. तो उशीर काढू नका.

शांतरेषा:

मीही ऐकले. त्या शांततेत ६ मिनिटे २७ सेकंदांना ड्रमचे स्टूल करकरते. काढायचे असेल तर सांगा, सिंबलला धक्का न लावता काढून देतो.

ठोका:

हात लावाल तर याद राखा.

खर्ज:

स्टूल राहू द्या, पण चौथ्या रचनेतला बास अजूनही सी वर बसला आहे.